लाईन गेल्यावर नेक्ससचा व्हर्च्युअल स्विच 'लोडर' प्रॉम्प्टवर अडकतो: कारण, तात्पुरती सुटका आणि कायमचा उपाय

लक्षण असं. ईव्ह-एनजीमध्ये (कॉम्प्युटरवर नेटवर्कचा लॅब उभारायचं सॉफ्टवेअर) दोन स्पाइन (मधले स्विच), दोन लीफ (त्यांना जोडलेले कडेचे स्विच) लावलेत, सगळे नेक्सस ९०००व्ही, म्हणजे सिस्कोचा व्हर्च्युअल डेटा सेंटर स्विच. रात्री लॅब व्यवस्थित चालू होती, व्हीपीसी (दोन स्विचची एकत्र चालणारी जोडी) उभा होता, ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे सगळे नेबर 'फुल' दिसत होते. मध्येच लाईन गेली, इन्व्हर्टरही बसला. सकाळी मशीन चालू करून नोड सुरू केले तर कन्सोलवर फक्त एवढंच:

लोडर >

एंटर दाबलं की पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं, "नोड वाईप कर, होऊन जाईल." वाईप केल्यावर स्विच खरंच उठतो, पण कॉन्फिग सगळी गेलेली असते. पुढच्या वेळी लाईन गेली की परत लोडर.

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला, दारव्हा, आर्णी, घाटंजी या पट्ट्यातली बरीच पोरं डेटा सेंटर नेटवर्किंगचा अभ्यास घरूनच करतात. पुण्याला राहून क्लास लावणं सगळ्यांना जमत नाही. कुणी नागपूरहून जुनं झिऑनचं वर्कस्टेशन आणलेलं असतं, त्यावर चार-पाच जण मिळून लॅब चालवतात. मला येणाऱ्या फोनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य आहे, "भाऊ, स्विच पुन्हा लोडरवर बसला, इमेज खराब आहे का?" बहुतेक वेळा इमेज चांगलीच असते. हा त्रास एकदा नीट समजून घेतला तर कायमचा जातो, म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाका.

आधी नक्की कुठे अडकलंय ते ओळखा

काळा पडदा दिसला की सगळ्यांना एकच रोग वाटतो, पण तिथे निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

पडद्यावर काहीच येत नसेल तर पाच-सात मिनिटं थांबा. हा स्विच उठायला वेळ घेतो, आणि जुन्या प्रोसेसरवर चार एकदम उठवले तर आणखी घेतो. तरीही काही आलं नाही तर व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का बघा. ईव्ह-एनजी व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या आत चालवत असाल तर व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअलाइझ इंटेल व्हीटी-एक्स' ची खूण केलेली हवी. विंडोजमधलं कोअर आयसोलेशनचं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर तेही इथे आडवं येतं. ईव्हच्या शेलमध्ये 'केव्हीएम-ओके' टाकलं की हो किंवा नाही, सरळ उत्तर मिळतं.

'शेल >' दिसत असेल तर तो यूईएफआयचा, म्हणजे मशीनच्या फर्मवेअरचा शेल आहे, स्विचचा नाही. म्हणजे मशीनला बूट करण्यासारखी डिस्कच सापडली नाही. ईव्हमध्ये याचं नेहमीचं कारण फाईलचं नाव. फोल्डरचं नाव 'एनएक्सओएसव्ही९के-' ने सुरू व्हायला हवं आणि आतली डिस्क 'साटाए.क्यूकाऊ२' या नावाची हवी, म्हणजे साटा आणि त्याला चिकटून एक ए. 'एचडीए' किंवा 'व्हर्टआयओए' नाव दिलं की डिस्क दुसऱ्याच बसवर लागते आणि स्विचला ती दिसत नाही. नाव बदलल्यावर फिक्सपरमिशन्स (फाईलचे हक्क नीट करणारी ईव्हची कमांड, पूर्ण खाली दिली आहे) चालवायला विसरू नका. जीएनएस३ (ईव्हसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी डिस्क इंटरफेस साटा, नेटवर्क कार्ड ई१००० आणि ओव्हीएमएफची बायोस फाईल, या तीन गोष्टी तपासाव्यात. ओव्हीएमएफ नसेल तर नेक्सस ९०००व्ही उठतच नाही.

'स्विच(बूट)#' दिसत असेल तर तुम्ही रिकव्हरीच्या अर्ध्या वाटेवर आहात. 'लोड-एनएक्सओएस' टाकलं की पुढचं लोड होतं.

आणि 'लोडर >' दिसत असेल तर डिस्क सापडली आहे, बूटलोडर चालू आहे, फक्त कुठली फाईल उचलायची हे त्याला माहीत नाही. इथून पुढे त्याच्याबद्दल.

आत्ता लगेच सुटका

वाईप करू नका. कॉन्फिग सेव्ह केलेली असेल तर ती अजून डिस्कवर शाबूत आहे.

लोडर > डिर

यादी येईल, त्यात एनएक्सओएसने (हे नेक्ससच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव) सुरू होणारी आणि .बिनने संपणारी एक फाईल असेल. तिचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या, प्रत्येक टिंबासकट. मग:

लोडर > बूट एनएक्सओएस.९.३.३.बिन

तुमची आवृत्ती वेगळी असेल तर नाव वेगळं असेल. नाव हातानेच टाकायचं असल्यामुळे चुका इथेच होतात, टिंबाच्या जागी स्पेस किंवा एखादा आकडा इकडचा तिकडे. फाईल सापडली नाही असं म्हणाला तर पुन्हा डिर करून ताडून बघा. काही मिनिटांत लॉगिन येईल आणि तुमची सेव्ह केलेली कॉन्फिग जागेवर असेल.

पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि पुढच्या भारनियमनाला परत इथेच येतात.

असं होतं का

सिस्कोच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: पहिल्यांदा सेटअप झाल्यावर बूट इमेज कॉन्फिगर करावीच लागते, नाहीतर रीलोड किंवा शटडाऊननंतर स्विच लोडर प्रॉम्प्टवर पडतो. कोरी इमेज पहिल्यांदा सुरू करता तेव्हा ती आपोआप उठते, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं वाटतं. तुम्ही कॉन्फिग करता, सेव्ह करता. पण त्या कॉन्फिगमध्ये बूटची ओळ नसते, आणि पुढच्या वेळी बूटलोडर तिची वाट बघत बसतो.

आता वाईपचं बघा. ईव्ह-एनजी मूळ डिस्कला हात लावत नाही. प्रत्येक नोडसाठी तिच्यावर एक पातळ थर चढवते, आणि तुमचे सगळे बदल त्या थरात जातात. वाईप म्हणजे तो थर काढून फेकणे. खाली कोरी इमेज उरते आणि कोरी इमेज आपोआप उठते. म्हणूनच वाईप केल्यावर 'दुरुस्त' झाल्यासारखं दिसतं. खरं तर तुम्ही स्वतःचं काम पुसलेलं असतं आणि बूटची ओळ नसलेली तीच परिस्थिती पुन्हा उभी केलेली असते. चार दिवस बसून लावलेला व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएनचा (डेटा सेंटरमधल्या आभासी नेटवर्कचा) लॅब एका क्लिकमध्ये गेलेला बघून पोरांचं मन उडतं अभ्यासावरून. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून वाईपबद्दल इतक्या कळकळीने लिहितोय.

अजून एक गोष्ट. ईव्हमध्ये उजवी क्लिक करून 'स्टॉप' दाबणं म्हणजे स्विचच्या दृष्टीने पॉवर केबल ओढणंच आहे. त्याला आतून बंद व्हायची संधी मिळत नाही. त्यामुळे लाईन न जातासुद्धा, नुसतं स्टॉप-स्टार्ट केल्यावर लोडर दिसू शकतो. रॅम संपून लिनक्सने क्यूईएमयूची (ईव्हमध्ये नोड चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस मारली तरी तेच. नोडचं चिन्ह मध्येच आपोआप करडं पडत असेल तर ईव्हच्या शेलमध्ये 'डीमेसेज' बघा. 'आऊट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडली तर दोष विजेचा नाही, रॅमचा आहे. ९.३ मालिकेच्या प्रत्येक नेक्सससाठी मी ८ जीबी धरून चालतो. चार स्विचचे ३२ जीबी तिथेच गेले. मशीनमध्ये एकूणच ३२ असतील तर चौथा स्विच कुणाचा तरी बळी घेणार. नंतरच्या मालिकांना आणखी लागते, त्यामुळे नवीन इमेज मिळाली म्हणून लगेच तिच्यावर उडी मारू नका.

बूटची ओळ, आणि ती खरंच बसली का

स्विच उठल्यावर पहिलं काम:

कॉन्फिग टी
बूट एनएक्सओएस बूटफ्लॅश:एनएक्सओएस.९.३.३.बिन
एंड

एंटर दाबल्यावर 'परफॉर्मिंग इमेज व्हेरिफिकेशन अँड कम्पॅटिबिलिटी चेक, प्लीज वेट' असं येतं आणि प्रॉम्प्ट काही वेळ परत येत नाही. जुन्या मशीनवर हा वेळ बराच लांबतो. स्विच हँग झाला असं समजून इथेच नोड बंद करणारे खूप आहेत. थांबा. प्रॉम्प्ट परत येईपर्यंत काही दाबू नका.

मग सेव्ह:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

हॅशच्या खुणांची पट्टी सरकत १००% पर्यंत जाते आणि खाली 'कॉपी कम्प्लीट' येतं. ती ओळ दिसेपर्यंत सेव्ह झालेलं नाही, मग पट्टी कितीही पुढे गेलेली असो.

आता खात्री:

शो बूट

याच्या उत्तरात दोन भाग येतात. वर 'करंट बूट व्हेरिएबल्स' आणि खाली 'बूट व्हेरिएबल्स ऑन नेक्स्ट रीलोड'. तुमचं लक्ष खालच्या भागाकडे हवं. वरच्या भागात फाईलचं नाव आणि खालचा भाग रिकामा, असं असेल तर ओळ टाकली आहे पण सेव्ह व्हायची राहिली आहे. दोन्हीकडे तेच नाव दिसलं की 'रीलोड' देऊन स्वतः तपासा. लाईन जायची वाट कशाला बघायची, आपणच आधी पाडून बघायचं. न विचारता लॉगिनपर्यंत आला तर हा स्विच सुटला.

पहिल्यांदा उठताना पीओएपीचा (नेटवर्कवरून आपोआप कॉन्फिग घेण्याच्या सोयीचा) प्रश्न येतो, 'ॲबॉर्ट पॉवर ऑन ऑटो प्रोव्हिजनिंग' म्हणून. तिथे 'स्किप' लिहिलं की पासवर्ड आणि सेटअपचे प्रश्न टळतात. काहीच उत्तर दिलं नाही तर तो डीएचसीपी शोधत बसतो आणि पडदाभर संदेश वाहत राहतात. पडदा वाहत असला तरी टाइप केलेलं त्याला पोचतं, घाबरू नका.

प्रत्येक नोडला पुन्हा पुन्हा नको असेल तर: मूळ इमेजमध्येच बसवा

हा खरा कायमचा उपाय. नवीन लॅब केला, नवीन नोड ओढला की परत बूटची ओळ टाकायची, एखाद्यावर राहून जायची, आणि नेमका तोच लाईन गेल्यावर अडकायचा. त्यापेक्षा ओळ मूळ डिस्कमध्येच घाला, म्हणजे प्रत्येक नवीन नोड ती घेऊनच जन्माला येईल.

सध्याच्या मूळ इमेजला मात्र हात लावू नका. तुमच्या किंवा सोबतच्या पोरांच्या जुन्या लॅबमधले थर तिच्यावर उभे आहेत. खालची डिस्क बदलली की वरचे सगळे थर बिघडतात, आणि ते परत जुळवता येत नाहीत. म्हणून आधी प्रत करा. ऑप्टमधल्या युनेटलॅब, त्यातल्या ॲडऑन्स, त्यातल्या क्यूईएमयू फोल्डरात जा आणि 'सीपी -आर' ने पूर्ण फोल्डर नव्या नावाने उतरवा, उदाहरणार्थ एनएक्सओएसव्ही९के-९.३.३-तयार. सुरुवातीचे शब्द तेच हवेत, शेपटी तुमच्या मनाची, टाइप मात्र इंग्रजीतच. मग:

/ऑप्ट/युनेटलॅब/रॅपर्स/युएनएल_रॅपर -ए फिक्सपरमिशन्स

आता एक रिकामा लॅब करा, त्यात या नव्या इमेजचा एकच नोड ठेवा आणि सुरू करा. पीओएपी स्किप, ॲडमिनचा पासवर्ड, बूटची ओळ, सेव्ह, शो बूट, एक रीलोड. होस्टनेम, आयपी, फीचर असलं काही घालू नका, नाहीतर पुढे प्रत्येक स्विच एकाच आयपीने उठेल. सगळं ठीक दिसल्यावर पुन्हा एकदा सेव्ह करून नोड स्टॉप करा.

मग त्या नोडचा थर शोधा. तो युनेटलॅबमधल्या टीएमपी फोल्डरात असतो: आधी पॉडचा आकडा (ॲडमिनचा ०), मग लॅबचा लांबलचक आयडी, मग नोडचा आकडा. लॅबचा आयडी डावीकडच्या मेनूत 'लॅब डिटेल्स' मध्ये मिळतो. त्या फोल्डरात जाऊन:

/ऑप्ट/क्यूईएमयू/बिन/क्यूईएमयू-आयएमजी कमिट साटाए.क्यूकाऊ२

'इमेज कमिटेड' आलं की थरातले बदल खालच्या डिस्कमध्ये उतरले. आता हा नोड वाईप केला तरी चालतो. जगात एकाच जागी बिनधास्त वाईप करायला माझी हरकत नाही, ती ही. नव्या इमेजचे दोन नोड घ्या, सुरू करा, काही न करता स्टॉप करून पुन्हा सुरू करा. दोन्ही सरळ लॉगिनवर यायला हवेत. पीओएपीही विचारणार नाही, कारण स्टार्टअप कॉन्फिग आधीच आहे.

जुने लॅब जुन्या इमेजवरच राहू द्या. त्यांच्यातल्या प्रत्येक स्विचवर बूटची ओळ हाताने टाकून घ्या.

आता विजेचं

बूटची ओळ बसली म्हणजे स्विच उठेल. पण शेवटच्या सेव्हनंतर केलेलं काम लाईनबरोबर जातंच. खेड्यात लॅब चालवायचा तर विजेचा विचार कॉन्फिगइतकाच करावा लागतो.

पहिलं, स्विचला स्वतःच सेव्ह करायला लावा. एनएक्स-ओएसमध्ये शेड्यूलर आहे, फार कुणी वापरत नाही:

फीचर शेड्यूलर
शेड्यूलर जॉब नेम जतन
कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग
एक्झिट
शेड्यूलर शेड्यूल नेम अर्धातास
जॉब नेम जतन
टाइम स्टार्ट नाऊ रिपीट ००:००:३०

शेवटचे आकडे दिवस, तास, मिनिटं या क्रमाने आहेत. चालतंय का ते 'शो शेड्यूलर लॉगफाईल' मध्ये दिसतं. यात एक धोका आहे: प्रयोग करताना कॉन्फिग बिघडवून ठेवली तर बिघडलेलीही आपोआप सेव्ह होईल. म्हणून मोठा बदल करण्याआधी 'चेकपॉइंट' घेऊन ठेवा. काही फसलं तर 'रोलबॅक रनिंग-कॉन्फिग चेकपॉइंट' ने मागे जाता येतं.

दुसरं, इन्व्हर्टर. आपल्याकडच्या घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर लाईन गेल्यावर बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा-लाईटला काही होत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवलं तर बदल पटकन होतो. पण मग व्होल्टेजची मर्यादा आखूड होते, साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की तो लाईन असूनसुद्धा बॅटरीवर जातो. हंगामात मोटारपंप चालू झाले की गावात संध्याकाळचं व्होल्टेज किती राहते ते तुम्हाला माहीत आहे. लाईन आहे, सगळं चालू आहे, आणि आत बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते. मग खरोखर लाईन जाते तेव्हा इन्व्हर्टर पाच मिनिटंही टिकत नाही. "इन्व्हर्टर असूनही मशीन बंद पडली" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

मला पटलेली रचना अशी: इन्व्हर्टर नॉर्मलवर, आणि त्याच्या पुढे फक्त वर्कस्टेशनसाठी १००० व्हीएच्या आसपासचा छोटा लाइन इंटरॲक्टिव्ह यूपीएस. तो मधला क्षण यूपीएस सांभाळतो, लांबचा वेळ इन्व्हर्टर. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या विजेला काही यूपीएस वीज मानतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवर बसून राहतात. कूलरची मोटार वर्कस्टेशनच्या बोर्डावर लावू नका, ती सुरू होताना व्होल्टेजला झटका देते. मे महिन्यात ४५ अंशांत कूलर बंद ठेवा असं कोण सांगेल, पण त्याचा बोर्ड वेगळा ठेवता येतो, आणि त्याची ओली हवा थेट मशीनवर येणार नाही एवढं बघता येतं.

हिशेबही करून ठेवा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. तिच्यातून निम्मे सुखाने मिळाले असं धरा. वर्कस्टेशन आणि दोन पंखे मिळून ३०० वॅट ओढत असतील तर तीन तास. बॅटरी जुनी असेल तर तेवढेही नाही. रात्रभराच्या भारनियमनात लॅब चालू ठेवणं याच्या बाहेरचं आहे, म्हणून मशीन वेळेत नीट बंद व्हायला हवी.

घरगुती इन्व्हर्टर कॉम्प्युटरला काही कळवत नाही, त्याला तशी वायरच नसते. त्यावर एक साधा मार्ग आहे. एखादा जुना वायफाय राउटर इन्व्हर्टरवर न लावता थेट लाईनवर लावा आणि वर्कस्टेशनला केबलने जोडा. ईव्हच्या यजमान मशीनवर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला त्याला पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. सलग दहा मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे लाईन गेलेली आहे. मग स्क्रिप्टने प्रत्येक स्विचच्या एमजीएमटी० (मॅनेजमेंट पोर्ट) वर एसएसएच करून कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग द्यायचं, ते संपलं की यजमान मशीन 'शटडाऊन -एच नाऊ' ने बंद. एमजीएमटी० ईव्हच्या मॅनेजमेंट क्लाउडला जोडलेला हवा आणि स्विचवर 'युजरनेम ॲडमिन एसएसएचकी' ने चावी घातलेली हवी, नाहीतर स्क्रिप्ट पासवर्डपाशी अडते. लाईन कधी कधी येऊन-जाऊन करते, दहा मिनिटांची वाट तेवढ्यासाठीच आहे.

उठल्यावर व्हीपीसी खालीच राहतो

लोडरचा प्रश्न सुटल्यावर लगेच येणारी पुढची तक्रार ही. दोन लीफपैकी एक उठला, दुसरा अजून उठतोय किंवा लोडरवर आहे, आणि उठलेल्याचेही व्हीपीसी पोर्ट डाऊन. हा बिघाड नाही. दोघेही एकदम बंद पडले होते, त्यामुळे आधी उठलेल्याला जोडीदार जिवंत आहे की नाही हे ठरवता येत नाही. दोघांनी एकदम प्रायमरी बनू नये म्हणून तो थांबतो. व्हीपीसी डोमेनखाली ऑटो-रिकव्हरी चालू असेल तर तो डीफॉल्ट २४० सेकंद वाट बघून एकटा पुढे जातो.

जुन्या मशीनवर मात्र दोन स्विचच्या उठण्यात याहून जास्त अंतर पडू शकतं. मग पहिला एकटाच प्रायमरी होऊन बसतो आणि दुसरा आल्यावर ट्रॅफिक हलू शकते. लॅबमध्ये 'ऑटो-रिकव्हरी रीलोड-डिले ६००' ठेवा. किपअलाइव्ह (जोडीदार जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) डीफॉल्टने मॅनेजमेंट व्हीआरएफमधून, म्हणजे मॅनेजमेंटच्या वेगळ्या राउटिंग टेबलातून जातो, म्हणून एमजीएमटी० एकमेकांना पिंग होतात का ते आधी बघा. एलएसीपीला (पोर्ट एकत्र बांधणाऱ्या प्रोटोकॉलला) दोष देण्याच्या आधी हे.

सगळे नोड एकदम सुरू करण्याची घाईही टाळा. ईव्हमध्ये प्रत्येक नोडच्या सेटिंगमध्ये 'डिले' ची चौकट आहे. पहिल्याला ०, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला ३६० असे सेकंद दिले की प्रोसेसरचा जीव घुसमटत नाही, आणि एकूण वेळही बहुधा कमीच लागतो.

मशीनच छोटं असेल तर

१६ जीबीच्या लॅपटॉपवर नेक्ससच्या मागे लागून स्वतःला त्रास देऊ नका. स्पाइन-लीफ, बीजीपी-ईव्हीपीएन, व्हीएक्सलॅन हे सगळं अरिस्टाच्या सीईओएसवर किंवा नोकियाच्या एसआर लिनक्सवर कंटेनरलॅबमध्ये (कंटेनरवर लॅब चालवणारं सॉफ्टवेअर) शिकता येतं. कंटेनर असल्यामुळे रॅम थोडकी लागते आणि पटकन उठतात. एसआर लिनक्सची इमेज खातं न उघडता मिळते, सीईओएससाठी अरिस्टाकडे नोंदणी करावी लागते. संकल्पना त्याच, कमांड थोड्या वेगळ्या. नेक्ससच्या कमांडचा हात मग कुणाच्या तरी मोठ्या मशीनवर बसवता येतो. ईव्हमध्ये व्हीईओएस (अरिस्टाचा व्हर्च्युअल स्विच) घेतला तर त्याचीही एक अशीच खोड आहे: पहिल्यांदा झेडटीपीमध्ये (पीओएपीसारखीच आपोआप कॉन्फिग शोधण्याची सोय) अडकून राहतो. ॲडमिन म्हणून पासवर्डशिवाय आत जाऊन 'झिरोटच कॅन्सल' द्या, तो स्वतः रीबूट होऊन मोकळा होतो.

एवढं करूनही लोडर येत असेल

दोन जागा बघायच्या राहतात. एक, बूटफ्लॅशमधली (स्विचच्या आतल्या साठवणीतली) फाईल. नवीन आवृत्ती हाताने कॉपी करून जागेसाठी जुनी .बिन उडवली, पण बूटची ओळ जुन्याच नावाची राहिली, असं होतं. शो बूटमधलं नाव आणि 'डिर बूटफ्लॅश:' मधलं नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. अपग्रेड 'इन्स्टॉल ऑल' ने केला तर तो ओळ स्वतःच बदलतो, हाताने करण्यापेक्षा तेच बरं.

दुसरी, डिस्क. यजमान मशीनवर 'डीएफ -एच' टाका. नोडचे थर वाढत जातात आणि जागा संपली की क्यूईएमयू त्या मशीनला जागच्या जागी थांबवून ठेवते. कन्सोल गोठतो, आणि त्या अवस्थेत केलेलं सेव्ह पूर्ण होत नाही. जागा असेल आणि तरीही डिर रिकामं येत असेल, तर लाईन जाताना डिस्कची फाईल बिघडलेली असू शकते. नोड बंद ठेवून त्याच्या फोल्डरात 'क्यूईएमयू-आयएमजी चेक साटाए.क्यूकाऊ२' चालवा. 'लीक्ड क्लस्टर्स' म्हणाला तर नुसती जागा वाया गेलेली आहे, '-आर लीक्स' ने मोकळी होते. 'करप्शन' म्हणाला तर आधी त्या फाईलची प्रत दुसरीकडे काढा, मग '-आर ऑल' करून बघा. त्यानेही फाईल वर आली नाही तरच तो एक नोड वाईप करा, बाकीच्यांना हात न लावता, आणि त्याची कॉन्फिग त्याच्या जोडीदार लीफवरून बघून परत लिहा.